झाकणावरचं कुंकू

मंडळी, आज दसरा. सकाळी बायकोने स्कूटरला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "माळ्यावरचं ते विमानही काढा, त्यालाही लावते." काढलं. तेव्हापासून डोकं चालत नाहीये यार.

ऐंशीच्या दशकात, बोरिवलीत असताना, मी आणि माझा जिगरी दोस्त विन्या यांनी फवारणी पंपाचं पेट्रोल इंजिन बसवून हे मॉडेल विमान बनवलं होतं. गोराईच्या किनाऱ्यावर उडवायचो. एका दसऱ्यानंतर मात्र दरवेळी तेच. जमिनीवर झकास, पण वर गेलं की दोन मिनिटांत दम जायचा. खाली उतरवून टाकीचं झाकण उघडून बघायचं, परत लावायचं, की पुन्हा झकास!

प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला. शेवटी मी भडकलो. पेट्रोल विन्या आणायचा. सगळ्यांसमोर म्हणालो, "रॉकेल मिसळतोस ना रे?"

तो एवढंच म्हणाला, "मग झाकण उघडलं की बरं कसं चालतं रे?"

मला वाटलं, विषय बदलतोय. त्यानंतर तो आलाच नाही.

आज बघतो तर झाकणावर माझ्या आईने लावलेलं कुंकू, वाळून दगड झालेलं. हवेसाठीचं बारीक भोक त्याखाली बंद. हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार कसं?

पण आई पुढेही दर दसऱ्याला कुंकू लावायची. मग हे त्या वर्षीचं की नंतरचं? कसं कळणार?

विन्याचा नंबर मिळालाय. सोनं द्यायचा दिवस आहे. फोन करून काय म्हणू, सांगा. "सॉरी" की "बहुतेक सॉरी"?