ऑन, ऑफ, अप, आउट आणि आमची संध्याकाळची बॅच

इंग्रजी शिकवून माझं इंग्रजी किती वाढलं ते देव जाणे, पण किस्से मात्र भरपूर साठले! गंगापूर रोडला एका औषधाच्या दुकानाच्या वर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. संध्याकाळची बॅच मोठ्या माणसांची. लहान मुलं चुकली की गप्प बसतात. मोठी माणसं चुकली की वाद घालतात!

आणि सगळ्यात जास्त वाद होतात ते जोडक्रियापदांवरून. इंग्रजी क्रियापद एकटं असतं तोवर सज्जन असतं. लुक म्हणजे बघणं, पुट म्हणजे ठेवणं. पण शेजारी ऑन, ऑफ, अप, आउट यांपैकी कुणी येऊन बसलं, की त्याचं डोकं फिरतं. मग आमचंही फिरतं.

*

दिंडोरीकडचे आहेर काका द्राक्षबागायतदार. परदेशी व्यापाऱ्यांशी स्वतः बोलता यावं म्हणून क्लासला येतात. वय साठ, पण शंका सहा वर्षांच्या पोराच्या!

एकदा मी ‘गेट’ शिकवत होते. म्हटलं, “बसमध्ये चढायचं तर गेट ऑन, कारमध्ये बसायचं तर गेट इन.”

“रिक्षात?”

“गेट इन.”

“ट्रॅक्टरवर?”

“गेट ऑन.”

“आन् ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत?”

मी जरा अडखळले. “ट्रॉलीत... गेट इन.”

“ट्रॉलीत द्राक्षाचे क्रेट हायेत, आन् मी क्रेटवर बसलो. मग?”

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी खडू खाली ठेवला. म्हटलं, “काका, तुम्ही आधी खाली उतरा!”

काकांनी वही उघडली. “हां. म्हणजे गेट ऑफ का गेट आउट?”

*

देवळाली कॅम्पला राहणारे सुभेदार साहेब तोफखान्यातून निवृत्त झालेत. नातवाला इंग्रजी बोलता येतं आणि आपल्याला फक्त हुकूम देता येतात, ही त्यांची खंत!

मी शिकवलं, “फॉल आउट म्हणजे बिनसणं, भांडण होणं.”

साहेब ताडकन उभे. “चूक! परेड संपली की ‘फॉल आउट’चा हुकूम व्हायचा. मग आम्ही चहाला जायचो.”

मी म्हटलं, “साहेब, फौजेत तसं, घरात असं.” त्यांना ते पटलं नाही. गृहपाठात त्यांनी लिहून आणलं, “वी फेल आउट एव्हरी मॉर्निंग अँड हॅड टी टुगेदर.” म्हणजे आम्ही रोज सकाळी भांडायचो आणि एकत्र चहा घ्यायचो!

मागच्या बाकावरून नसीम आपा म्हणाल्या, “साहेब, मेरी देवरानी को भी आपकी पलटन में ले लो ना!”

*

या नसीम आपांचं इंदिरानगरला शिवणकामाचं दुकान आहे. हात इतका सुरेख, की परदेशी राहणाऱ्या सुनासुद्धा सुट्टीत येऊन त्यांच्याकडूनच शिवून घेतात.

अशाच एका बाईंनी आपांकडून शिवून घेतलेले कपडे परत पाठवले आणि फोनवर इंग्रजीत सांगितलं, “टेक इन द ब्लाउज अँड लेट आउट द कुर्ता.”

आपा खूश! आदल्याच आठवड्यात मी शिकवलं होतं, टेक इन म्हणजे आत घेणं, लेट आउट म्हणजे बाहेर जाऊ देणं. त्यांनी ब्लाउज नीट घडी घालून आतल्या कपाटात ठेवला. आणि कुर्ता हँगरला लावून दुकानाच्या दारात टांगला!

चार दिवसांनी बाई आल्या. आता शिवणकामात टेक इन म्हणजे कपडा आवळणं आणि लेट आउट म्हणजे शिलाई उसवून, आतलं जास्तीचं कापड सोडून तो सैल करणं. हे मला सांगायला हवं होतं, पण मला तरी कुठे माहीत होतं!

बाई म्हणाल्या, “कुर्ता सैल केला का?”

आपांनी दारात लटकणाऱ्या कुर्त्याकडे बोट दाखवलं. “सैल नाही झाला ताई. पण सकाळपासून तिघींनी भाव विचारला, सेल होता होता वाचला!”

*

हा अगदी छोटा. लुक फॉर म्हणजे शोधणं आणि लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणं, यातला फरक कुणालाच लक्षात राहीना. तेव्हा पल्लवी म्हणाली, “मॅडम, सोपं आहे. लग्नाआधी लुक फॉर, लग्नानंतर लुक आफ्टर.” ही पल्लवी एका हॉस्पिटलात नर्स आहे.

मी विचारलं, “आणि तीस वर्षांनंतर?”

सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, “लुक आउट! सांभाळून!”

*

पुन्हा आहेर काका. त्यांनी हॉलंडच्या एका व्यापाऱ्याला द्राक्षांचा भाव कळवला होता. उत्तर आलं, “वी हॅव टर्न्ड डाऊन युवर ऑफर.” काकांना टर्न डाऊन एवढंच ठाऊक, की टीव्हीचा आवाज कमी करणं. त्यांना वाटलं, साहेबानं भाव जरा कमी केलाय. मला न विचारता त्यांनी उलट लिहिलं, “डोन्ट टर्न डाऊन. प्लीज टर्न अप!”

पुढच्या आठवड्यात भर क्लासमध्ये त्यांचा फोन आला. आवाज एकदम दबका.

“मॅडम, तो साहेब आलाय!”

“कुठे?”

“बांधावर उभा हाय! कामासाठी मुंबईला आला होता म्हणे. म्हणतोय, तुम्हीच टर्न अप म्हणालात.”

मी कपाळाला हात लावला. “काका, टर्न डाऊन म्हणजे नाकारणं. त्यानं तुम्हाला नाही म्हटलं होतं. आणि टर्न अप म्हणजे हजर होणं. तुम्ही त्याला बोलावलंत!”

मला वाटलं, माणूस खचला.

मग काका म्हणाले, “पण तो तर तिसरा घड खातोय. कंटेनर कधी भरायचा, इचारतोय.”

“मग छानच झालं की!”

“मॅडम, एक इनंती हाय. इंग्रजी जरा बेतानंच शिकवा. त्याचं नाही म्हणणं मला कळलं असतं, तर आज हा इथं नसता!”

*

आणि हा शेवटचा.

मी शिकवलं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं, निभावून नेणं. वाक्य करून आणा. दुसऱ्या दिवशी पल्लवी उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, “आय पुट अप विथ माय हजबंड!”

एक चूक नाही! मी टाळ्या वाजवल्या आणि वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. लिहून वळते तर दारात निलेश, पल्लवीचा नवरा. तिला न्यायला लवकर आला होता. हातात हेल्मेट, नजर फळ्यावर.

“माय हजबंड म्हणजे मीच ना?” तो म्हणाला. “पण पुट अप विथ म्हणजे काय?”

पल्लवीचा चेहरा पांढरा पडला. सुभेदार साहेब खिडकीबाहेर बघू लागले. आहेर काकांनी वहीत डोकं घातलं. मी फळा पुसायला डस्टर शोधत होते, ते नेमकं माझ्याच हातात होतं!

शेवटी नसीम आपा पुढे आल्या. “भाऊ, त्याचा अर्थ... काहीही झालं तरी साथ न सोडणं.”

निलेश चक्क लाजला. “दहा वर्षांत मला कधी असं बोलली नाही ही!” म्हणाला, आणि फळ्याचा फोटो काढून घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. सगळ्या बॅचला घरी जेवायला बोलावलं होतं. निलेशने टेबलावर मोठा खोका ठेवला आणि म्हणाला, “केकवाल्याने दोनदा फोन केला, ‘साहेब, नक्की हेच लिहायचं ना?’ त्याचं इंग्रजी कच्चं दिसतंय!”

त्याने झाकण उघडलं. पांढऱ्या क्रीमवर लाल अक्षरं होती, ‘डिअर पल्लवी, आय विल पुट अप विथ यू फॉरेव्हर!’

पल्लवीने केककडे पाहिलं. मग निलेशकडे पाहिलं. तो नुसता फुलून गेला होता.

तिने सुरी उचलली, एक मोठा तुकडा कापला, त्याच्या तोंडात भरवला आणि म्हणाली,

“सेम टू यू!”