आमची कंपनी काय काय बनवते

किस्से आम्हाला जमवावे लागत नाहीत. जुळे सोलापुरातल्या आमच्या शोरूममध्ये एकाच कंपनीचा माल असतो, आणि ती कंपनी टीव्हीपासून दाढीच्या मशीनपर्यंत सगळं बनवते. मी प्रत्येक नव्या वस्तूचं चित्र काढून वहीत नोंद करतो. तरी गोंधळ होतोच! त्यात यंदा कंपनीचे साहेब परीक्षा घ्यायला येणार होते. एक जरी वस्तू ओळखता आली नाही, तर माझं बावीस वर्षांचं काउंटर जाऊन गोडाऊन नशिबी!

*

धुणं झालं की वॉशिंग मशीन एक धून वाजवतं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तीच धून. राइस कुकरचीही तीच. एकदा धून वाजली आणि आम्ही तिघं तीन दिशांना पळालो. वाजत होता बिलिंगवरच्या शबानाचा मोबाइल. तोही कंपनीचाच!

*

एक गोल, चपटी वस्तू आली. वजनकाटा समजून मी ती जमिनीवर मांडली. एका आजींनी वर चढायला पाय उचलला, तर काटा सरळ कपाटाखाली पळाला!

"माझ्या वजनाला भ्यालं की हो!" आजी म्हणाल्या.

वहीत दुरुस्ती केली: 'आपोआप पळणारा झाडू.'

*

एका गिऱ्हाइकाला मोबाइलवरून एसी लावून दाखवत होतो. बटण दाबलं, टीव्ही बंद झाला. पुन्हा दाबलं, भिंतीवरचे सगळे दिवे लागले.

तो म्हणाला, "काका, साधा पंखा हाय का? भिंतीवरच्या बटणाचा?"

*

परीक्षेच्या दिवशी साहेब बोट दाखवत गेले, मी सांगत गेलो. शेवटी त्यांनी एअर प्युरिफायरच्या रांगेतल्या पांढऱ्या डब्यावर बोट ठेवलं. महिनाभर तो मीच रोज पुसत होतो. वही चाळली. चित्रच नाही!

"माहीत नाही, साहेब."

"अहो, प्युरिफायरचं नवं मॉडेल! एवढंही माहीत नाही?" त्यांनी पेन्सिलीनं माझ्या नावापुढे 'गोडाऊन' लिहिलं. शबानानं मान खाली घातली.

तेवढ्यात मंद्रूपचे तात्या आत आले. गेल्या महिन्यात टीव्ही घेऊन गेले होते.

"हितं इसरलो व्हय! लई हुडकलं की!" म्हणत त्यांनी तो डबा काखेत मारला.

"आजोबा, तो प्युरिफायर आहे," साहेब म्हणाले.

"व्हय? आमी तर कुंपणाच्या तारंला जोडतो. झटका बसला की रानडुकरं पळत्यात!"

तात्या गेले. साहेबांनी 'गोडाऊन' लिहिलेला कागद पुन्हा काढला. मग हळूच म्हणाले, "खोडरबर आहे का?"

मी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली.

"नाही, साहेब. तेवढं आपली कंपनी बनवत नाही!"