आपा, चव लागली का?

स्वयंपाकघरात चार माणसं जमली की भांडी कमी पडतात आणि किस्से उरतात. लिस्बनहून स्वयंपाक शिकून नाशिकला परत आलो तेव्हा ठरवलं होतं, इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी मासा शिजेल, सॉस दर वेळी वेगळ्या देशाचा असेल आणि जेवायला कुणीही यावं. एकत्र जेवलेली माणसं परकी राहत नाहीत, हे मी आजही मानतो.

आले दोघंच! वरच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक कांबळे सर आणि आईचे ब्लाऊज शिवणाऱ्या सलमाआपा.

मोहल्ल्यातली लग्नं आपांची सवड बघून ठरायची, अशी त्यांची बिर्याणी. पण एका तापात त्यांना वास येईनासा झाला, चवही गेली. डॉक्टर म्हणाले, "येईल, किंवा नाही येणार." आपांनी घरी पातेल्याला हात लावणं सोडलं.

"सुनेला विचारलं तर म्हणते, छान झालंय. मीठ विसरले तरी छान! दया येते रे बेटा घरच्यांना माझी."

*

पहिल्यांदा मोरोक्कोचा चेर्मुला केला. कोथिंबीर, लसूण, जिरं, लिंबू एकत्र वाटून गंगापूर धरणातल्या कटला माशाला चोपडलं. सरांनी बोट चाटलं.

"निखिल, ही तर आपली हिरवी चटणी. फक्त पासपोर्ट काढून आलीय!"

मी वळलो. "आपा, चव लागली का?"

"मऊ आहे," त्या म्हणाल्या.

*

मग फोनवर सरांना सांगितलं, या रविवारी जपानचा मिसो. सर फरसाण, कांदा आणि पाव घेऊन हजर! त्यांनी 'मिसळ' ऐकलं होतं.

"नाशकात रविवारी सकाळी दुसरं काय ऐकू येणार?"

मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. त्याच्या रश्श्यात सुरमई होती. शेवटी वर फरसाण टाकलंच, आणि ते फक्कड लागलं.

आपा बराच वेळ चावत राहिल्या. "कुरकुरीत कळतंय. पुढे भिंत."

*

आई शाकाहारी. माशाची भांडी बाल्कनीत वेगळी, आणि मासा शिजेपर्यंत ती हॉलमध्ये. फ्रेंच पद्धतीच्या लोण्याच्या सॉसमध्ये मी द्राक्षं घालणार होतो, तर तिथूनच ओरडली, "आधी चार देवापुढे ठेव! मग त्यांचं काय करायचं ते कर."

त्या दिवशी आपा ताट तसंच ठेवून हॉलमध्ये गेल्या.

"पुढच्या रविवारी मी नाही येत, वहिनी. माझ्यापायी मासा फुकट जातो."

आई म्हणाली, "मी तर जन्मात खाल्ला नाही. तरी बसतेच ना इथे? बसायला या."

*

आल्या. आईशेजारी बसून तिच्या अंगावरच्याच ब्लाऊजला तुटलेला हूक लावत होत्या. आत मी लिस्बनचा सॉस करत होतो. ऑलिव्ह ऑइलमध्ये लसणाचे काप मंद आचेवर बदामी करायचे आणि तेलासकट भाजलेल्या माशावर ओतायचे, बस. पण तिथल्या मासळीबाजाराचा विषय निघाला आणि मी हातवारे करत सरांना सांगत सुटलो. सरही रंगले.

"निखिल!" हॉलमधून हाक आली. "लक्ष कुठंय? लसूण करपतोय!"

आवाज आईचा नव्हता.

सरांनी माझा हात घट्ट धरला. दारात आई येऊन उभी राहिली, आपांचा दोरा तिच्या ब्लाऊजला लटकत होता.

गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.