तीस दिवसांची पट्टी दहा दिवसांत

जानेवारी २००२ मधला सोमवार. क्रिएटिनिन ६.८. नाशिकच्या दवाखान्यात हजर होतो तिघे : खाटेवर माझी पत्नी शैला, तिचा भाऊ वसंत आणि मी. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. मूत्रपिंडं तो गाळतात. चांगल्या तब्येतीत हा आकडा एकच्या आसपास असतो.

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोलेस्टेरॉलची गोळी किती घेतात?"

"साठ मिलिग्रॅम," मी म्हणालो.

"वीस लिहिलीय. वाढवली कोणी?"

 वसंत उसळला, "आमच्या फॅमिली डॉक्टरनं, आणखी कोणी! त्याला बघतोच मी."

मी त्याला अडवलं नाही.

मी ओझरच्या कारखान्यात स्टोअरला. आकड्यांत माझी चूक होत नाही, असा लौकिक. शैलाला बारा वर्षांचा मधुमेह. नोव्हेंबरात कोलेस्टेरॉल २९० निघालं, म्हणून स्टॅटिन सुरू झालं. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. महिन्यात आकडा २५० वर आला. मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. त्याआधी शैला ठणठणीत व्हावी, ही माझी घाई. मी त्रैराशिक मांडलं. विसाने चाळीस उतरले, तर एकशेवीस उतरायला साठ. एकीच्या तीन गोळ्या केल्या. शैलाला म्हणालो, डॉक्टरांनीच सांगितलंय. तीस गोळ्यांची पट्टी दहा दिवसांत संपू लागली.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, मांड्या भरून आल्यात. जिना चढवत नाही."

"डिंक कुटत बसतेस दिवसभर. लाडवांचं आत्ताच काय अडलंय?"

त्यात खोकला झाला, त्याचं अँटिबायोटिक सुरू झालं. चार दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी काळी.

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं : रॅब्डोमायोलिसिस. स्नायू विरघळतात आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. डोस जास्त, खोकल्याच्या अँटिबायोटिकने तो अंगात साठलेला, मूत्रपिंडं मधुमेहाने आधीच दुबळी. "असं फार थोड्यांना होतं," त्या म्हणाल्या. मी हळूच त्रैराशिकाचं विचारलं. "काका, गोळी दुप्पट केली तरी गुण थोडासाच वाढतो. धोका मात्र वाढतो."

पाचव्या डायलिसिसच्या वेळी, रक्त नळीतून फिरत असताना, मी शैलाला खरं सांगितलं. ती यंत्राकडे बघत म्हणाली,

"डॉक्टरांना नाही विचारलंत, ठीक. मला तरी विचारायचं. पाय माझे दुखत होते."

मग म्हणाली, "वसंताला आजच सांगा. त्या बिचाऱ्या डॉक्टरांच्या दारात जाईल तो."

मी सांगितलं. वसंत दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. फॅमिली डॉक्टरांची माफी मागायला गेलो, तर त्यांनी आधी शैलाची लघवी किती होते ते विचारलं.

मूत्रपिंडं पुन्हा सावरली नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार वर्षं. नातवाला तिने मांडीवर घेतलं, पण उचलून कधी फिरवता आलं नाही. २००६ च्या पावसाळ्यात ती गेली.

वाचणाऱ्यांना एवढंच : स्टॅटिन वाईट नाही. मीही आज घेतो, वीसच. भिऊन बंद करू नका, हुशारीने वाढवू नका. अंग दुखलं, लघवीचा रंग बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

तिच्या तपासण्यांची वही माझ्याकडे आहे. साखर, कोलेस्टेरॉल, वजन, तारखेवार, एकही खाडाखोड नाही. मांड्या दुखतात असं ती किती वेळा म्हणाली, ते मात्र त्यात कुठेच नाही.