विहीणबाईंची कमी उजेडातली झाडं

जावईबापूंचा फोन आला तेव्हा मी पडवीत मेथी निवडत बसले होते. संतोषराव तसे मोजकं बोलणारे. एमआयडीसीत मशीनच्या आवाजात दिवस काढणारा माणूस, फोनवरही मोठ्यानं दोन शब्द बोलतो आणि ठेवतो. त्या सकाळी मात्र हळू बोलले. "मामी, आई गेली." आणि मी, सत्तरी ओलांडलेली, कुणाच्या दारात गेल्यावर काय बोलावं हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आलेली बाई, काय बोलले असेन? म्हणाले, "झाडांना कुणी पाणी घातलं न्हाय ना?" ते म्हणाले, "न्हाय मामी. तिनं कुणाला घालूच दिलं न्हाय." आणि मग आम्ही दोघंही फोन धरून रडलो.

शालनबाई माझ्या विहीणबाई. माझी वैशाली त्यांच्या संतोषला दिलेली. आमचं गाव बारामतीजवळ, कालव्याच्या पाण्यावरचं, चहूकडं ऊस. त्यांचं इंदापूर तालुक्यात माळावर, डाळिंबाचं. लग्न झालं तेव्हा मी नुकती पन्नाशी ओलांडली होती, म्हणजे अक्कल यायचं वय झालं होतं, अक्कल मात्र वाटेतच होती. आम्हा ऊसवाल्यांना एकच ठाऊक. एखाद्याचं बरं व्हावं असं वाटलं की त्याला पाणी द्यायचं, मग तो पाहुणा असो, बैल असो, नाहीतर उसाची सरी. विहिणीच्या पंगतीला मी स्वतः जग घेऊन उभी. अंगावर जरीचं असं काही लुगडं की वाकले तरी करकर वाजायचं. मठ्ठा वाढते, पाणी वाढते, परत मठ्ठा वाढते. शालनबाईंनी पेल्यावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "बास. पाण्याचा भाग तुमचा, हात सैल हाय." झालं. तेवढं एक वाक्य पदराला गाठ मारून मी कितीतरी वर्षं हिंडले. जिथं दोन बाया भेटतील तिथं गाठ सोडायची, त्यांना दाखवायचं, परत बांधायची. बोलणं टोमण्याचं होतं की नुसतं खरं होतं, हे तपासायला कुणाला सवड होती?

खरंच होतं ते. त्याचा पुरावा त्याच्याही आधीचा. नवी नवरी असताना आम्ही बारामतीत एका खोलीत राहायचो. खिडकी बोळात उघडायची, उजेड यायचा तो समोरच्या घराला विचारून. तिथं मी तुपाच्या रिकाम्या डब्यात गुलाब लावला. डब्याला भोक पाडलं नाही, भोक पाडलं तर पाणी वाया जाईल ना! सकाळी पाणी, दुपारी पाणी, हे कामावरून आले की कौतुकानं परत पाणी. पानं पिवळी पडायला लागली तशी मी ओळखलं, नजर लागली. शेजारणीची. मग मीठमोहरीनं गुलाबाची दृष्ट काढली, डब्याला लिंबू-मिरची बांधली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. गुलाब गेला. शेजारणीशी मी पुढं वर्षभर बोलले नाही. त्या बिचारीला कारण अजून कळलेलं नसेल.

यजमानांच्या माघारीसुद्धा शालनबाईंनी बाग सोडली नव्हती. मूत्रपिंडांनी दगा दिला तेव्हा इलाज उरला नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि ते बारामतीत. बाग वाट्यानं दिली आणि त्या संतोषरावांच्या फ्लॅटवर आल्या. तळमजला, तिन्ही बाजूंनी इमारती, दिवसा ट्यूब लावल्याशिवाय भाजीतला खडा दिसायचा नाही. माळावर जन्म काढलेली बाई दाराजवळ खुर्ची टाकून बसायची आणि जिन्यात किती उजेड आहे ते बघायची. त्या घराला त्या घर म्हणायच्या नाहीत. 'संतोषची खोली' म्हणायच्या. थोड्याच दिवसांत एकच धोशा सुरू झाला, मला आता त्या मशीनला जोडू नका, बागेत नेऊन सोडा. डॉक्टरांनी संतोषरावांना स्वच्छ सांगितलं होतं, डायलिसिस थांबवलं तर थोड्या दिवसांचा प्रश्न. बागेत सोडणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

त्यांना समजवायला वैशालीनं मला बोलावलं. मी गेले, तासभर बोलले. देव काढला, नातवंडं काढली, स्वतःचं गुडघेदुखीचं पुराण काढलं. शालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मोरीजवळच्या वाळलेल्या तुळशीकडं बोट दाखवलं. "हितं झाड जगत न्हाय, विहीणबाई. माणसाचं काय घिऊन बसलाय?"

आता हे मला म्हणायचं? दुसऱ्याच दिवशी मी इंदापूर रस्त्यावरच्या नर्सरीत. झाडं निवडली तोंड बघून, तरुणपणी लुगडी निवडायची तशी. कमळासारखी गोल, जाड पानांतच पाणी धरून ठेवणारी सक्युलंटं, गुलाबी कडा असलेली. एक जेड, गोबऱ्या पानांचं. एक फुललेली शेवंती, कारण शोभा हवी. सगळी त्या अंधाऱ्या खोलीत ओळीनं मांडली आणि दर दोन दिवसांनी एसटी पकडून पाणी घालायला जायला लागले. शेवंती पहिली गेली. कमळं माना लांबवून ट्यूबकडं बघायला लागली, स्टँडवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसांसारखी. जेडनं हात लावताच पानं टाकली. उरलेली बुडाशी मऊ पडून कुजली. शालनबाई खुर्चीतून सगळं बघत होत्या. मी पुन्हा तांब्या भरून आणला तशा म्हणाल्या, "ही झाडं हाईत का उसाची लागण?" आणि हसल्या... बारामतीला आल्यापासून पहिल्यांदा. वैशाली पोळी लाटायची थांबून स्वयंपाकघराच्या दारात आली.

पुढचं सगळं त्यांनी हातात घेतलं. माझी कीव आली म्हणून असेल, नाहीतर डोळ्यांसमोर चाललेली हत्या बघवेना म्हणून. डाळिंबाला बहार धरायच्या आधी ताण देतात, हे मी ऐकून होते. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाड वाळल्यासारखं दिसलं तरी हात आखडून बसायचं. त्या म्हणाल्या, "पानी कुनीबी घालतं. ताण देनाऱ्याचा जीव जातो." हे मला त्या दिवशी सांगितलं ते झाडाबद्दल. पण डायलिसिसमुळं त्यांना स्वतःलाही दिवसाचं पाणी मोजून मिळत होतं. स्टीलची लहानशी बाटली, ती संपली की संपलं. फार झालं तर बर्फाचा खडा जिभेवर. मी आपली दर वेळी आल्या आल्या विचारायची, चहा टाकू का, सरबत करू का... त्या नुसता हात आडवा धरायच्या, पंगतीत धरला होता तसाच.

मग झाडं कुठं ठेवायची ते ठरलं. ही त्यांची रीत मी आता ज्याला त्याला सांगते. भर दुपारी, ट्यूब बंद करून, त्या भिंतीला धरून खोलीभर चालल्या आणि जागोजाग तळहात धरून त्याची सावली पडते का बघितली. मी मागून खुर्ची घेऊन. सावलीची कड धारदार उमटली तर तिथं उन्हातलं झाड चालतं. अशी जागा त्या घरात एकही नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावर सावली पडली, पण दुधात पाणी घातल्यासारखी. "हितं चालंल. सावलीतलं आना." टीव्हीच्या वरच्या कोनाड्यात काहीच उमटलं नाही. "हितं देवाचा फोटू लावा," म्हणाल्या.

डायलिसिस नसलेल्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं नर्सरीत गेलो. त्यांना स्टुलावर बसवलं. नर्सरीवाला फुलांची झाडं पुढं करी आणि त्या मान हलवत, उपवर मुलीच्या आत्यासारख्या. मागं, जाळीखाली अंधारात ठेवलेली झाडं त्यांनी मागून घेतली. जी आधीपासून सावलीत वाढलीत ती सावलीत जगतील, हे इतकं सरळ होतं की मला सुचलं नव्हतं. स्नेक प्लांटचं बुटकं रोप, चकचकीत पानांचा झेडझेड, आणि दोन हॉवर्थिया. मुठीएवढं सक्युलंट, काळपट हिरव्या टोकदार पानांवर पांढरे आडवे पट्टे, झेब्र्यासारखे. सक्युलंटांत हेच त्यातल्या त्यात कमी उजेड सोसतं. कुंडी उचलून जड लागली तर पाणी नाही. बोट मातीत खालपर्यंत घालायचं, कोरडं लागलं तरच थोडं, आणि खाली भोक हवंच. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची. आधीच उजेड थोडा, त्यात धुळीचा वाटा कशाला? आठवड्यानं कुंडी थोडी फिरवायची, नाहीतर झाड एका अंगानं वाकतं. माणूसही वाकतं, पण त्याला फिरवणार कोण... असो.

उजेड थोडा वाढला तो भिंतीमुळं. त्यांच्या खिडकीत आभाळ नव्हतं, समोरच्या घराची शेवाळानं काळी पडलेली भिंत होती. शालनबाईंच्या लक्षात आलं की उजेड येतो तो तिच्यावर आपटून. घर नसीमभाभींचं, मार्केट यार्डात त्यांचा फळांचा व्यापार. मी त्यांच्याकडं जाताना वाटेत मस्त कहाणी रचली होती, डॉक्टरांनी सांगितलंय, इन्फेक्शन होतं वगैरे. तोंड उघडायच्या आत विहीणबाईंनी खरं सांगून टाकलं, की तुमची भिंत पांढरी झाली तर माझी झाडं जगतील, चुन्याचा खर्च आमी देतो. नसीमभाभी म्हणाल्या, "खर्च ऱ्हाऊ द्या, काकी. एक रोप आमाला द्या." आठवड्यात भिंत पांढरी. दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर तळहाताची सावली जरा गडद पडायला लागली आणि शालनबाई येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून ती दाखवायच्या.

हॉवर्थियाला बाजूनं पिल्लं फुटली. त्या डायलिसिसला जात राहिल्या. 'मशीनला जोडू नका' बंद झालं, 'संतोषची खोली' मात्र सुटली नाही. आणि मग एक दिवस त्यांनी बाग बघायला न्या असा हट्ट धरला. संतोषराव टाळत राहिले. आज शिफ्ट, उद्या गाडीचं काम. खरी भीती एकच होती, तिथं गेल्यावर त्या परत यायच्या नाहीत. आधी स्वतःच म्हणायच्या ना, एकदा पाय लागला की मी उठायची न्हाय. वैशालीनं मला मुद्दाम गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिस होतं, आणि विहिणीला उचलून आणायची वेळ आली तर उचलायचं, असं मी मनाशी ठरवून गेले होते.

वैशाखातलं ऊन. बाग ताणावर होती, निम्मीअधिक पानं गळून फांद्या उघड्या पडलेल्या. शालनबाई वाटेकऱ्याच्या बायकोच्या खांद्याला धरून एका सरीनं चालत गेल्या. एका झाडापाशी थांबल्या, खोडावरून हात फिरवला, वाटेकऱ्याला छाटणीवरून दोन शब्द सुनावले. मग बांधावर बसल्या. आम्ही लांबूनच बघत होतो. संतोषराव गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत होते, मी आठवून ठेवलेली वाक्यं तोंडात घोळवत होते. ऊन उतरायला लागलं तशा त्या आपल्या आपण उठल्या, पदर झटकला आणि गाडीत येऊन बसल्या. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. अशी वेळ माझ्यावर फार क्वचित आलीय.

इंदापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. त्यांनी पर्स चाचपली, पुढं वाकल्या. "संतोष, घराची चावी तुझ्याकडं हाय का वैशालीकडं?"

"माझ्याकडं हाय, आई," संतोषराव म्हणाले. आरशात त्यांचे डोळे दिसले, मी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा कुठं गाडी हलली.

श्रावण सरता सरता त्या गेल्या, त्याच घरी, सकाळी झोपेतच. दिवसकार्य झाल्यावर वैशालीनं मला हॉवर्थियाची एक कुंडी दिली, आठवण म्हणून. मी ती आमच्या पडवीत ठेवली. लख्ख उजेड, मोकळी हवा, माझ्यासकट सगळ्या जगाला आवडणारी जागा. पाणी घातलं नाही, शपथ. पण ऑक्टोबरच्या उन्हानं चारआठ दिवसांतच पानं तांबडी पडली, टोकं करपली. आत माजघरात नेऊन बघितली, देवघराशी ठेवून बघितली, झाडानं जीव धरला नाही. शेवटी कुंडी मांडीवर घेऊन एसटीनं बारामती गाठली आणि ती त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर, पांढऱ्या भिंतीसमोर परत ठेवली. आता मधली पानं हिरवी होताहेत म्हणे. म्हणे काय, मीच बघून येते. बघायचं झालं की जावं लागतं... विहीणबाईंच्या घरी.