बुद्ध हसला म्हणू नये

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावात एकाही मराठी घरात चपलांच्या रॅकवर गलेलठ्ठ लाफिंग बुद्धा उरला नसेल, तर त्याचं सारं श्रेय आमच्या शेजारच्या नागपूरच्या काकांना. कुणाकडेही गेले की आधी ती मूर्ती उचलून यजमानांच्या हातात देत. "हा आपला बुद्ध नव्हे बरं. आणि असता, तर चपलांपाशी ठेवला असता का?" बाकी माणूस लोण्याहून मऊ. घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या पोटलकला दहा जणांचा सावजी रस्सा सांगावा, तर चाळीस जणांचा आणत आणि निम्मं गाव पुढे दोन दिवस पाणी पीत राही.

एकच गोष्ट त्यांना सोसत नसे. चौऱ्याहत्तर साली भारताने अणुचाचणी केली, तेव्हा 'बुद्ध हसला' असा निरोप दिल्लीला गेला म्हणतात. हे वाक्य कुणी उच्चारलं, की काका ताट ठेवून निघालेच. २००६च्या मार्चमध्ये भारत-अमेरिका अणुकराराच्या आनंदात एका पुणेकराने जिलेब्या वाटल्या आणि नेमकं तेच वाक्य टाकलं. "काका, जोक होता यार," असं तो म्हणेपर्यंत काका माझे बूट घालून बर्फात पसार. सकाळी बूट पॉलिश करून आणून दिले. "बूट तुझे होते. राग माझाच होता," म्हणाले.

त्यांच्या पलीकडे एक जपानी बाई एकट्या राहत. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये त्यांची धाकटी बहीण गेली होती. काका त्यांना ताई म्हणत. हे आपलं इंग्रजी नाव असावं, असं समजून त्या ओ देत. दर सहा ऑगस्टला काका त्यांच्याकडे जाऊन बहिणीच्या फोटोपुढे बुद्धवंदना म्हणत. ताईंना पाली कळत नसे, पण 'बुद्ध' हा शब्द आला की त्या हात जोडत. या देशात तेवढंच एक घर मला माझं वाटतं, असं काका म्हणायचे.

कराराच्या बातम्यांत त्या जुन्या चाचणीचं 'हसरा बुद्ध' हे नावही छापून आलं. ताईंनी विचारलं, "तुमच्या बॉम्बला बुद्धाचं नाव दिलं होतं?" तासन्‌तास बोलणारे काका नुसतं "हो" म्हणाले. ताईंनी नेहमीसारखा चहा दिला. ऑगस्ट आला तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, "या वर्षी मी एकटीच बसते. त्या दिवशी ते नाव मला ऐकवणार नाही."

सहा ऑगस्टला सकाळी मी गाडी काढत होतो. काका पांढरा शर्ट घालून आपल्याच अंगणात, ताईंच्या घराकडे तोंड करून उभे होते. ओठ हलत होते, पण आवाज मुद्दाम काढत नव्हते. मला फार वाईट वाटलं. हाक मारावी, तर काय म्हणून मारणार? मी इंजिन बंद करून तसाच बसून राहिलो. काकांची वंदना संपली, तरी ताईंच्या खिडकीचा पडदा काही हलला नाही.