मोडायचा आर्म

बाबालाल मिस्त्रीला सयाजी फारसा ओळखत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याच्या लेथच्या शेडवर जाणं-येणं बरंच झालं, चहाही पुष्कळ झाला. पण मिस्त्रीला तीन मुली आहेत आणि मोहरमात तो हलगी वाजवायचा, हे सयाजीला कळलं ते त्याला माती देऊन कब्रस्तानातून परतताना, दुसऱ्यांच्या तोंडून. त्याला माहीत होते ते मिस्त्रीचे हात. तेही पुरते नव्हेत.

सयाजी मुरगूडचा. घरी ऊस आणि म्हशी, डोक्यात मोटारींच्या शर्यती. मद्रासकडं विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. त्यासाठी त्यानं एक बुटकी, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स कार घेतली होती. त्र्याहत्तर साली एका वळणावर पुढचं चाक धरून ठेवणारा लोखंडी आर्म वाकला आणि गाडी सयाजीसकट उलटली. खांदा सांधला, भीती मात्र सांधली नाही. पुन्हा त्या गाडीत बसायचं तर आर्मवर भरवसा हवा. विलायतेहून नवा मिळायची आशा नव्हती. आणि सयाजीला नुसता नवा नको होता. चाक किती आत झुकवायचं ते ठरवता यावं म्हणून लांबी कमी-जास्त होणारा आर्म हवा होता.

लेथ-कारखान्यांच्या उद्यमनगरात ज्याला विचारावं त्यानं बाबालालची शेड दाखवली. मिस्त्रीनं वाकलेला आर्म हातात घेतला, बराच वेळ बोटांनी चाचपला आणि म्हणाला, महिनाभरानं या.

सयाजीला धीर नव्हता. तो त्याआधीच गेला. बाकावर नवा आर्म तयार होता. मधे जाड नळी, तिच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत येत किंवा बाहेर जात. कानशीनं असा साफ केलेला की सयाजीला तो दागिन्यासारखा वाटला. त्यानं लगेच गाडी आणायची भाषा सुरू केली.

"ह्यो बसवायचा न्हाय," मिस्त्री म्हणाला. "ह्यो मोडायचा हाय."

सयाजीला वाटलं, चेष्टा चाललीय. पण मिस्त्रीनं आर्मचं एक टोक खांबाच्या शिकंज्यात आवळलं आणि दुसऱ्याला लांब पाइप जोडला. समोर मार्केट यार्डाला निघालेली गुळाची गाडी उभी होती. गाडीवाल्या केरबाला सांगून त्यानं गुळाचे रवे, त्या जड ढेपा, उतरवून घेतले आणि पाइपाच्या टोकाला दोरीनं एकेक टांगायला लागला. आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं जमली.

"मिस्त्री, लोखंडाचं तोंड गोड करताय व्हय?" कुणीतरी विचारलं.

"तुझ्या सासऱ्यानं केलं न्हाय, म्हणून म्या करतोय," मिस्त्री मान वर न करता म्हणाला.

हसणं थांबलं ते पाइप करकरायला लागल्यावर. पुढचा रवा टांगला आणि कडाड आवाज झाला. गूळ जमिनीवर, आर्मचे दोन तुकडे. केरबा गुळाच्या नावानं ओरडत राहिला. मिस्त्रीनं तुटलेलं टोक उन्हात धरलं. आटा संपतो तिथं लेथच्या हत्यारानं धारदार कोपरा ठेवला होता, लोखंड तिथनंच फाटलं होतं. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. हरवलेलं जनावर सापडावं तसा तो त्या कोपऱ्याकडं बघत होता.

दुसरा आर्म त्यानं भंगारातल्या ट्रकच्या ॲक्सलपासून केला, आट्याच्या मुळाशी कोपरा न ठेवता गोलाई दिली. तोही मोडायला. या वेळी केरबाच्या गाडीतले सगळे रवे टांगून संपले. आर्म धनुष्यासारखा वाकला, तुटला नाही. मग कुठं खरी जोडी झाली.

गाडीला ती बसवल्यावर सयाजी चावी घेऊन घुटमळत उभा राहिला. मिस्त्री शेजारच्या सीटवर जाऊन बसला. करणाऱ्यानं आधी बसायचं, असा त्याचा रिवाज होता. पन्हाळ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर तो बाहेर वाकून फक्त चाक बघत होता. दोनदा गाडी थांबवून त्यानं नळीला जरासा फेर दिला. तिसऱ्या खेपेला गाडी वळणात अशी बसली, जणू रस्त्यानंच तिला पोटाशी धरलं. त्या चढावर सयाजीनं पहिल्यांदा गाडी मोकळी सोडली.

मद्रासला शर्यत पुरी झाली. नंबर आला नाही, पण गाडी सगळी वळणं न उलटता घेऊन आली. परतल्यावर सयाजी थेट शेडवर गेला आणि भरभरून सांगत सुटला. मिस्त्री तोवर गाडीखाली सरकला होता. थोड्या वेळानं खालूनच आवाज आला, दोन्ही आर्म काढून ठेवतो, नवे करू.

"पण यांना काय झालंय?"

"काय न्हाय. पर एकदा सोसलंय की त्यांनी."

कधी येऊ, एवढंच सयाजीनं विचारलं.

"सोमवारी बंद. मंगळवारी या."

"मंगळवारी आमच्याकडं ऊसतोड हाय."

"मग बुधवारी या."

"बुधवारी येतो."

"या. आन् ती पान्ह्याची पिशवी जरा पायानं हिकडं ढकला."